निबंध नको, बातमी हवी: नववी ते अकरावीच्या मुलांसाठी पत्रकारितेचा दहा आठवड्यांचा वर्ग, इंदूरच्या मराठी घरांसाठी

शाळेत पत्रकारितेचा वर्ग सुरू झाला की पहिल्या दिवशी फळ्यावर व्याख्या लिहिली जाते, दुसऱ्या दिवशी इतिहास येतो, तिसऱ्या दिवशी 'बातमीचे प्रकार'. चौथ्या दिवसापर्यंत मुलांची खात्री पटते की हा भाषेचाच आणखी एक पेपर आहे, आणि ती निबंध लिहायला लागतात. पुढचे सगळे आठवडे तो निबंध पुसण्यात जातात. म्हणून क्रम उलटा ठेवावा. मुलांनी आधी बाहेर जाऊन बघावं, मोजावं, विचारावं, टिपून आणावं, आणि लिहायला चौथ्या आठवड्यात बसावं. या वयात भाषा कमी पडत नाही, माहिती कमी पडते. वहीत काही नसलं की मूल विशेषणांचा आधार घेतं.

हा आराखडा इंदूरच्या मराठी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. ही मुलं शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात, मराठी घरात आणि गणपतीच्या मंडळात बोलतात, आणि देवनागरी सहज वाचतात. त्यांची बातमी रस्त्यावर हिंदीत मिळणार आणि मराठीत लिहिली जाणार. यातून जे प्रश्न उभे राहतात त्यांना पुण्या-मुंबईच्या वर्गात उत्तर मिळत नाही, म्हणून त्यावर खाली बरंच लिहिलं आहे.

वर्ग भरण्याआधी

एका तुकडीत २० मुलं पुरेत. जोड्या करा आणि प्रत्येक जोडीची एकच कॉपी, म्हणजे बातमीचा लिहिलेला मजकूर, घ्या. हिशोब सोपा आहे: कॉपी मुलांच्या शेजारी बसून तपासावी लागते, तिला सात मिनिटं लागतात, दहा कॉप्यांना ७० मिनिटं. ९० मिनिटांचा शनिवारचा तास त्यात बसतो. घरी नेऊन लाल शाईने तपासलेल्या कॉपीचा उपयोग फार थोडा होतो, कारण मूल फक्त मार्क बघतं आणि पान उलटतं.

प्रत्येकाकडे खिशात मावणारी वही, एक बॉलपेन आणि एक पेन्सिल हवी. पेन्सिल यासाठी की उभ्याने, भिंतीला वही टेकवून लिहिताना बॉलपेन अडतं, आणि पावसाळ्यात जेल पेनचं लिखाण ओघळतं. वहीच्या प्रत्येक पानावर सर्वांत वर तारीख, वेळ आणि जागा. हे तीन शब्द नसलेलं पान मोजायचं नाही, असा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि शेवटपर्यंत पाळा. फोनवर रेकॉर्डिंग करायचं तर समोरच्याची परवानगी घेऊनच, आणि तरीही हाताने टिपणं हवंच. दहा मिनिटांचं बोलणं ऐकून उतरवायला पाऊण तास सहज जातो. मुलं ते उतरवतच नाहीत, आठवेल तसं लिहितात.

मुख्याध्यापकांशी एक पानाचा लेखी करार आधीच करून ठेवा. शेवटच्या दोन आठवड्यांत मुलं भित्तिपत्रकाचा अंक काढतात. तो छापण्यापूर्वी कोण वाचणार, किती दिवसांत वाचून परत देणार, आणि काय बदलता येईल. चुकीची माहिती, कायद्याची अडचण आणि कुणाच्या खाजगी गोष्टी यांवर शाळेने बोट ठेवावं, पण 'हे बरं दिसत नाही' या कारणाने बातमी काढू नये, एवढं त्यात स्पष्ट असावं. हे ठरवलं नसेल तर नवव्या आठवड्यात कुणाची तरी मेहनत शेवटच्या क्षणी बाद होते आणि ते मूल पुन्हा प्रश्न विचारत नाही.

मार्क कसे देणार हेही आधी सांगा. ५० पैकी २० वहीला, १५ पडताळणीला, १० लेखनाला, ५ वेळ पाळल्याबद्दल. वहीला सर्वांत जास्त मार्क असले की नेटवरून किंवा चॅटबॉटकडून लिहून आणलेल्या कॉपीचा प्रश्नही बराचसा मिटतो: टिपणांचं पान जोडलेलं नसेल तर कॉपी घ्यायची नाही.

पहिला आठवडा: फाटकाशी मोजणी

ओळख, हजेरी दहा मिनिटांत उरका आणि मुलांना शाळेच्या फाटकाच्या आत, रस्ता दिसेल अशा जागी उभं करा. काम एकच: पुढच्या १५ मिनिटांत किती दुचाक्या गेल्या आणि त्यांपैकी किती चालवणाऱ्यांनी हेल्मेट घातलं होतं. याहून जास्त काही सांगू नका. जोड्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही.

वर्गात परत आल्यावर दहाही जोड्यांचे आकडे फळ्यावर लिहा. ते जुळणार नाहीत. एकीचे १४०, दुसरीचे ११५, तिसरीचे १६२. आता कुणाचा आकडा बरोबर असं विचारू नका, काय मोजलं ते विचारा. मग एकेक गोष्ट बाहेर येते. कुणी दोन्ही दिशांच्या गाड्या मोजल्या, कुणी एकाच. कुणी उभ्या असलेल्या गाड्याही धरल्या. सायकल दुचाकी धरायची का? बॅटरीवरची स्कूटर? हेल्मेट हँडलला अडकवलं होतं, त्याचं काय? एकजण पेनाला टोपण लावत होता तेवढ्यात चार गाड्या निघून गेल्या.

फळ्यावर व्याख्या ठरवा: एकच दिशा, इंजिनची किंवा बॅटरीची दुचाकी, हेल्मेट म्हणजे डोक्यावर घातलेलं. जोडीत एकाने बघून बोलायचं, दुसऱ्याने पाच-पाचच्या रेघा मारायच्या. पुन्हा १५ मिनिटं मोजा. या वेळी आकडे जवळ येतात. तरीही थोडा फरक राहतो, आणि तो राहू द्यावा. 'सुमारे' हा शब्द कुठे वापरायचा ते मुलांना इथे कळतं.

शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं: कुठे, कधी, किती वेळ, काय मोजलं, काय आढळलं. 'इंदूरमध्ये लोक हेल्मेट घालत नाहीत' असं वाक्य चार-पाच वह्यांत हमखास सापडेल. १५ मिनिटं, एक रस्ता, एक दिशा, एवढ्यावरून शहराबद्दल बोलता येत नाही. नगर निगमाचे ८५ वॉर्ड आहेत आणि आपण एका वॉर्डातल्या एका फाटकाशी उभे होतो, हे फळ्यावर लिहून ठेवा. ते पुढे अनेकदा कामी येतं.

दुसरा आठवडा: तीन रंगांचं वाचन

एकाच दिवसाचे 'नईदुनिया', 'दैनिक भास्कर', 'पत्रिका', इंग्रजी 'फ्री प्रेस जर्नल' आणि एखाद्या मराठी दैनिकाच्या ई-पेपरचं छापलेलं पान टेबलावर ठेवा. प्रत्येक जोडीला एक स्थानिक बातमी आणि तीन स्केचपेन द्या. बातमीदाराने स्वतः पाहिलेलं हिरव्याने, कुणीतरी सांगितलेलं निळ्याने, आणि कुणी सांगितलं हे कळत नाही ते लालने. लाल कितपत येईल याचा अंदाज आधी मुलांकडून घ्या. 'सूत्रांनुसार', 'चर्चा आहे', 'नागरिकांमध्ये संताप' ही सगळी वाक्यं लालमध्ये जातात, आणि पान रंगत जातं तसे मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग एकाच घटनेच्या दोन वर्तमानपत्रांतल्या बातम्या शेजारी ठेवा आणि पहिली चार वाक्यं जुळवा. पहिल्या वाक्यात कोणी काय ठेवलं? सहा 'क' इथेच शिकवा: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. मराठीत सहाही शब्द 'क'ने सुरू होतात, त्यामुळे वेगळं पाठांतर लागत नाही. 'का'चं उत्तर पहिल्या दिवशी क्वचित मिळतं. त्याची जागा रिकामी ठेवणं अंदाजाने भरण्यापेक्षा बरं, हे ठासून सांगा.

याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाकून द्या. मध्य प्रदेशात शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणजे सातव्या आठवड्याच्या सुमाराला कागद हाती येऊ शकतो. अर्ज शिक्षकांनी स्वतःच्या नावाने, नगर निगमाच्या लोक सूचना अधिकाऱ्यांकडे करावा. प्रश्न बारीक असावा: आपल्या वॉर्डात गेल्या तीन महिन्यांत बंद पथदिव्यांच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांपैकी किती निकाली निघाल्या. 'पथदिव्यांची स्थिती कळवा' असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम येतं.

तिसरा आठवडा: प्रश्न

'तुम्हाला त्रास होतो का?' याला 'हो' एवढंच उत्तर येतं. 'शेवटचं कधी झालं? त्या दिवशी काय काय झालं?' याला गोष्ट मिळते. मुलांना प्रत्येकी सहा प्रश्न लिहायला सांगा आणि ज्यांचं उत्तर हो-नाहीत संपतं ते खोडा. दोनच उरतील. तिथून पुन्हा सुरुवात.

प्रत्येक मुलाखतीत तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. सुरुवातीला आपण कोण, कुठल्या अंकासाठी विचारतो आहोत, नाव छापलं तर चालेल का. उत्तर संपल्यावर मनात पाचपर्यंत मोजून मग पुढचा प्रश्न, कारण त्या शांततेत माणूस बहुतेकदा महत्त्वाचं बोलून जातो. आणि शेवटी: 'मी विचारायचं काही राहिलं का?' नाव आणि हुद्दा समोरच्याला वाचून दाखवायचा. दीक्षित की दिक्षित, वैद्य की बैद, हे विचारायला लाज वाटू नये.

इंदूरच्या मराठी मुलांना इथे एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. ती समोरच्याला काका, मावशी, भैया, आंटी म्हणत मोठी झाली आहेत, आणि बोलताना तसंच म्हणावं. कॉपीत मात्र 'काकांनी सांगितलं' चालत नाही. पूर्ण नाव, वय किंवा काम, आणि आदरार्थी क्रियापद. भाजीवाल्या बाईंना 'ती म्हणाली' आणि अधिकाऱ्याला 'ते म्हणाले' असा भेद कॉपीत दिसला तर तिथेच थांबवा आणि दोघांनाही 'म्हणाल्या', 'म्हणाले' करा. व्याकरणाच्या तासापेक्षा ही दुरुस्ती मुलांच्या जास्त लक्षात राहते.

चौथा आठवडा: आता लिहा

समजा, जोडीने शाळेतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळांवर बातमी आणली. पहिली कॉपी साधारण अशी येते:

'पाणी म्हणजे जीवन. पाण्याविना कुणीही जगू शकत नाही. परंतु आपल्या शाळेत मात्र विद्यार्थ्यांना पाण्यासाठी प्रचंड त्रास सहन करावा लागत आहे. अनेक नळ कित्येक दिवसांपासून बंद असून प्रशासन झोपलेले आहे. यावर त्वरित उपाययोजना करणे ही काळाची गरज आहे.'

यावर 'चांगलं आहे, पण' असं म्हणू नका. पेन्सिल घ्या आणि शब्दांखाली रेघ मारत जोडीला विचारा. प्रचंड म्हणजे किती? अनेक म्हणजे किती, एकूण किती नळांपैकी? कित्येक दिवस म्हणजे कुठल्या वारापासून? प्रशासन म्हणजे कोण, त्यांना तुम्ही विचारलं का? पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य काढलं तर कुणाला काय कमी पडेल? वहीत उत्तरं असतील तर बातमी तिथेच उभी राहते. नसतील तर मुलांनी उठून नळांपाशी जायचं, वर्ग चालू असला तरी. दुसरी कॉपी:

'पहिल्या मजल्यावरच्या पाच नळांपैकी तीन सोमवारपासून बंद आहेत. मंगळवारी मधल्या सुट्टीत रांगेतल्या शेवटच्या विद्यार्थ्याला पाणी मिळायला १४ मिनिटं लागली. सुट्टी २० मिनिटांची असते. नळांचे वॉशर झिजले असून प्लंबरला सोमवारीच निरोप दिला आहे, गुरुवारपर्यंत नळ सुरू होतील, असं शाळेच्या व्यवस्थापकांनी सांगितलं. तळमजल्यावरचे चारही नळ चालू आहेत.'

शेवटचं वाक्य मुलं आपण होऊन लिहीत नाहीत. त्याने तक्रारीची धार कमी होते असं त्यांना वाटतं. पण तळमजल्यावर पाणी आहे हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं, आणि ते लपवलं तर बाकीचं खरं असूनही बातमी खोटी ठरते. यावर पाच मिनिटं जास्त द्या.

सर्वांत महत्त्वाचं वर, बाकीचं उतरत्या क्रमाने ही रचना शिकवायला कात्री घ्या. कॉपीतली वाक्यं सुटी कापा, मिसळा आणि दुसऱ्या जोडीला जुळवायला द्या. मग खालून एकेक पट्टी काढत जा आणि विचारा, बातमी अजून उभी आहे का? १२० ते १५० शब्दांची मर्यादा ठेवा.

कार्यक्रमांच्या बातम्यांत 'उत्साहात संपन्न', 'मान्यवरांच्या हस्ते', 'मोठ्या संख्येने उपस्थित' हे शब्द वर्गापुरते बंद करा. ते वापरता आले नाहीत की मुलांना कार्यक्रमात नेमकं काय झालं ते शोधावं लागतं.

पाचवा आठवडा: हिंदीत ऐकलं, मराठीत लिहिलं

नियम असा: ज्या भाषेत बोललं गेलं त्याच भाषेत टिपायचं. उभ्या-उभ्या डोक्यात भाषांतर करून मराठीत टिपलं की निम्मं हरवतं. एक वाक्य फळ्यावर घ्या: 'पानी आता तो है, पर कब आएगा इसका कोई भरोसा नहीं।' मुलांची मराठी बहुधा अशी येते: 'पाण्याचा काही भरवसा नाही, असा संताप त्यांनी व्यक्त केला.' यात दोन गोष्टी बिघडल्या. 'पाणी येतं' हा अर्धा भाग गळाला, आणि संताप आपण घातला. बरोबर वाक्य साधं आहे: 'पाणी येतं, पण कधी येईल याचा भरवसा नाही, असं त्या म्हणाल्या.' भाषांतरित वाक्य दुहेरी अवतरणात घालू नका. तसं अवतरण फक्त मूळ शब्दांना, आणि मूळ हिंदी वाक्य छान असेल तर ते हिंदीतच छापा. इंदूरच्या वाचकाला ते समजतं.

तपासणीची पद्धत: एकाने केलेलं मराठी भाषांतर जोडीदाराने मूळ न बघता परत हिंदीत करायचं, मग दोन्ही हिंदी वाक्यं शेजारी ठेवायची. कुठे घसरलं ते लगेच दिसतं.

दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द बातमीत घात करतात. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. 'टीका लगाया' म्हणजे लस दिली, त्याची मराठीत 'टीका' झाली तर अर्थच फिरतो. इथल्या कोर्टात 'राजीनामा हो गया' म्हणतात तेव्हा दोन्ही पक्षांत तडजोड झालेली असते, कुणी पद सोडलेलं नसतं. हिंदीतली यंत्रणा ही यातना, मराठीतली सरकारी व्यवस्था. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. आणि सर्वांत जास्त चुका करवणारा शब्द अगदी लहान आहे: 'कल'. घाईत 'कल पानी नहीं' एवढंच टिपलेलं असतं, आणि घरी आल्यावर काल आलं नाही की उद्या येणार नाही ते कळत नाही. म्हणून 'कल', 'परसों' ऐकलं की तिथेच विचारून तारीख लिहायची. 'एक दिन छोड़कर' म्हणजे दिवसाआड, हे मुलांना माहीत असतं, फक्त लिहिताना ती 'एक दिवस सोडून' करतात.

अशा शब्दांची यादी भिंतीवर लावा आणि मुलांनाच भर घालू द्या. संस्थांची नावं इथे वापरतात तशीच ठेवा: नगर निगम. 'पार्षद' की 'नगरसेवक' हे एकदा ठरवा आणि पूर्ण अंकात तेच वापरा. 'करून राहिलेत' सारखी इंदुरी वळणं कॉपीत दुरुस्त करावीत, पण वर्गात त्यावर हसू नये. ती त्या मुलांच्या आजीची भाषा आहे, आणि कुणी त्या भाषेत बोललं असेल तर अवतरणात ती तशीच राहायला हवी.

टायपिंगची एक अडचण: फोनवर हिंदी कीबोर्ड असेल तर तो 'पाणी'चं 'पानी' करतो, 'ळ' शोधावा लागतो आणि 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' 'र्य' होतो. जीबोर्डमध्ये मराठी भाषा वेगळी जोडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण मुद्रितशोधनाचा एक तास वाचतो.

इतिहास सांगायचा तर तो इथे सांगा, म्हणजे त्याला जागा मिळते. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं तेव्हा ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होतं. हिंदीतलं 'उदंत मार्तंड' ३० मे १८२६ रोजी कलकत्त्याहून सुरू झालं. इंदूरचा 'मालवा अखबार' हिंदी आणि उर्दूत छापला जाई. आणि १९४७ साली सुरू झालेली 'नईदुनिया' घडवणारे संपादक राहुल बारपुते हे मराठी भाषक होते. दोन भाषांमध्ये उभं राहून काम करण्याची ही जुनी वाट आहे.

सहावा आठवडा: गर्दी मोजणं

टक्केवारी अर्ध्या तासात होते: ४० वरून ५० म्हणजे २५ टक्के वाढ, पण ४० टक्क्यांवरून ५० टक्के म्हणजे १० टक्केवारी अंकांची (पर्सेंटेज पॉइंटची). बाकीचा वेळ गर्दीला द्या.

प्रार्थनेचं मैदान पावलांनी मोजायचं. आधी प्रत्येकाने दहा पावलांचं अंतर टेपने मोजून स्वतःचं एक पाऊल किती ते काढायचं. समजा मैदानाचा भरलेला भाग ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, म्हणजे ६०० चौरस मीटर. प्रार्थनेच्या वेळी चार वेगवेगळ्या ठिकाणी एका चौरस मीटरात किती मुलं उभी आहेत ते मोजा. एक कोपरा, दोन मधल्या जागा, एक मागची. सरासरी दीड आली तर अंदाज ९०० चा. आता ऑफिसातून त्या दिवशीची हजेरी आणा आणि ताडून बघा. चूक बहुतेक मागच्या विरळ रांगांत असते, कारण सगळेजण दाट जागाच निवडतात.

मोकळ्या गर्दीत एका चौरस मीटरला साधारण एक माणूस, दाटीत अडीच, अगदी खेटून उभ्या गर्दीत चार. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा. मग रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, बातम्यांतला 'लाखोंचा जनसागर' वाचायला द्या आणि राजवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ नकाशावर मोजायला लावा. गेर फिरती असते, लोक येतात-जातात, त्यामुळे एका वेळची गर्दी आणि दिवसभरातली गर्दी वेगळी, हेही मुलंच काढतात. निष्कर्ष काहीही येवो, 'लाखो' लिहायचं तर कुणाच्या अंदाजाने ते लिहायचं.

सातवा आठवडा: खरं का खोटं, आणि काय छापायचं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'इंदूरमधला' फोटो घ्या. गुगल लेन्सने आधी कुठे छापला गेला ते बघा. मग फोटोतच शोधा: दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत, गाड्यांचे नंबर 'एमपी ०९' आहेत की दुसरे, लोक स्वेटरमध्ये आहेत की छत्र्यांखाली, मागे ओळखीची इमारत दिसते का. खरी तारीख आणि जागा सापडेपर्यंत 'खोटा आहे' असंही लिहू नये. 'पडताळता आला नाही' ही सुद्धा एक नोंद आहे.

कायद्यातली एक गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ हवी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्यात अडकलेलं, पीडित किंवा साक्षीदार असलेलं मूल ओळखू येईल असं काहीही छापता येत नाही. नाव तर नाहीच, पण पत्ता, शाळा, फोटो, कुठलाही तपशील नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत ओळख उघड करण्यावरची बंदी पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. शाळेच्या अंकात धोका असा की नाव न लिहिताही 'नववी ब मधला, नुकताच बदलून आलेला' एवढ्यावरून सगळ्यांना कळतं. मूल कोण ते वर्गमित्राला ओळखता येत असेल, तर ती बातमी जात नाही.

मुलांनी एकट्याने बातमीला जायचं नाही. अपघाताची जागा, पोलीस ठाणं, हॉस्पिटलचा तातडीचा विभाग ही ठिकाणं या वर्गासाठी नाहीत. कुठल्याही मुलाचा फोटो छापण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

आठवा आठवडा: सराफ्यातला अर्धा तास

वर्णनाचा सराव एकदाच करायचा तर सराफ्यात करा. पालकांसोबत, रात्री, सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन त्यांच्याच फळ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात तो अर्धा तास. खाण्याबद्दल लिहायचं नाही. भुट्ट्याचा कीस आणि गराडूवर सगळेच लिहितात. दर पाच मिनिटांनी वहीत नोंद: कुठलं शटर खाली आलं, पहिला गॅस कुणी पेटवला, ठेल्याची जागा कुणी झाडली, दुकानदार आणि ठेलेवाला एकमेकांशी बोलले का, वास केव्हा बदलला. सहा नोंदी आणि त्यांतून २०० शब्द. 'इंदूरची खाद्यसंस्कृती' या शब्दांनी सुरू झालेली कॉपी परत द्या.

शेवटचे दोन आठवडे: अंक

भित्तिपत्रक काढा. ए-३ आकाराचे चार कागद, दहा बातम्या, एक दुरुस्तीची चौकट. उभ्याने, हातभर अंतरावरून वाचायचं असल्यामुळे मजकूर १६ पॉइंटचा आणि मथळे ४० च्या पुढे. एका कागदावर सुमारे ३५० शब्द मावतात. आधी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने डमी, म्हणजे कुठली बातमी कुठे बसेल त्याचा आराखडा, आखा आणि नंतरच टाइप करा. उलट केलं तर शेवटच्या बातमीचं शेपूट रात्री दहाला कापावं लागतं. मथळे पाच ते सात शब्दांचे, क्रियापदासह: 'पहिल्या मजल्यावरचे तीन नळ सोमवारपासून बंद'. 'पाण्याचा गंभीर प्रश्न' हा मथळा नव्हे.

कॉपी गुरुवारी रात्री आठपर्यंत. आठ म्हणजे आठ. उशिरा आलेली बातमी चांगली असली तरी पुढच्या अंकात. प्रत्येक कॉपी दुसऱ्या जोडीकडे जाते आणि ती जोडी प्रत्येक नाव, आकडा, तारीख यांवर पेन्सिलीने टिंब देते. टिंब तेव्हाच, जेव्हा वहीत ती गोष्ट सापडते. टिंब नसलेला आकडा अंकात जात नाही. शिक्षकाने सर्वांत शेवटी वाचावं, आणि वाक्य स्वतः बदलू नये, जोडीला बोलावून बदलायला सांगावं.

सोमवारी अंक लागला की मधल्या सुट्टीत दोन मुलांना तिथे वही घेऊन उभं करा. वाचणारे चुका सांगतात. त्या वाद न घालता टिपायच्या, दुपारी ताडून बघायच्या, आणि खरी निघालेली प्रत्येक चूक दुरुस्तीच्या चौकटीत लिहायची: काय छापलं होतं, बरोबर काय, चूक कशी झाली. पहिल्या अंकासाठी ती चौकट मोकळीच ठेवून लावा. मंगळवार सकाळपर्यंत भरते. वह्या परत देऊ नका. जोडीचं नाव घालून शाळेच्या कपाटात वर्षभर ठेवा, म्हणजे कुणी विचारलं तर पान काढून दाखवता येतं.